प्रतिनगरातली खानावळ

भिंतीएवढ्या पडद्यावर सोलापूर पुन्हा एकदा बुडालं आणि डॉ. अंबिका कलशेट्टीने कपाळाला हात लावला.

बुडालं ते खरं सोलापूर नव्हे. खरं सोलापूर प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर ऊन खात निवांत पडलं होतं. पडद्यावर होतं ते प्रतिनगर. शहरातल्या प्रत्येक माणसाची एक 'छाया' त्यात वसवलेली होती, आणि ती त्या माणसासारखीच कमवायची, खर्चायची, वेळ आली तर दुकानही बंद करायची. एकेका दुकानाच्या जागी एकेक दिवा. नवा कायदा आधी इथे लावायचा, पाच वर्षं पाच मिनिटांत पळवायची आणि किती दिवे उरले ते बघायचं.

सरकारचा प्रश्न साधा होता. किमान वेतन दीडपट केलं तर गरिबांचं भलं होईल, की लहान दुकानं बुडून गरीबच रस्त्यावर येतील? अहवाल आजच मंत्रालयात जायचा होता.

आणि दर खेपेला पहिला दिवा विझत होता तो साखर पेठेतला. राजव्वा कलशेट्टींची खानावळ. म्हणजे अंबिकाच्या आईची, तिच्या अव्वाची! याच खानावळीतल्या कडक भाकरीवर आणि शेंगाचटणीवर पोरीची डॉक्टरेट झाली होती. तिथेच भाकऱ्या थापता थापता कामाला असलेल्या मल्लव्वाचे केस पिकले होते, पण पगार काही बाळसं धरत नव्हता. मल्लव्वाचं भलं करायचं तर आईची चूल विझवायची, असला हा पेच.

"वाईट वाटून घेऊ नका, मॅडम," प्रा. रेवणसिद्ध बिराजदार म्हणाले. प्रतिनगर त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. "मजुरी वाढली की खर्च वाढला. खर्च वाढला की शटर खाली. सरळ हिशेब आहे."

"अर्धाच सरळ आहे, सर. मालकाचा खर्च तीच कामगाराची कमाई. मल्लव्वा ते पैसे काय शेअर बाजारात घालणार आहे? नातीला चप्पल घेईल, घरात तेल भरेल. पैसा फिरून पुन्हा पेठेतच येणार."

"ते घातलंय मी गणितात. पण तो फिरून येईपर्यंत दुकानाने तग धरायला नको? यांच्या अंगात महिनाभराचीही ताकद नाही."

"हे कोण म्हणतं?"

"दुकानदार स्वतः! एकेकाला फोन करून विचारलंय."

अंबिकाने आईला फोन लावला. "अव्वा, धंदा कसा चाललाय गं?"

"कुठलं काय, अंबू! काही राम राहिला नाही बघ. माशा मारत बसलेय. ए मल्लव्वा, बाहेरच्या बाकावर भाकरी वाढ की! अन् उभे आहेत त्यांना सांग, अर्धा तास लागेल! हां, काय सांगत होते? माशा मारतेय."

अंबिकाला असं हसू फुटलं की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"सर, फसलो आपण! सोलापुरात कुठला दुकानदार धंदा जोरात आहे म्हणून सांगतो? एक तर दृष्ट लागेल, नाहीतर कर लागेल. तुमच्या वडिलांचं चादरीचं दुकान होतं ना?"

बिराजदारांनी चष्मा काढला. "शेवटपर्यंत मंदी मंदी करत होते," ते ओशाळून म्हणाले. "मंदीतच तीन घरं बांधली."

"तेच रडगाणं आपण खरं मानून छायांच्या अंगात भरलं. उपाशी माणसाला जिना चढायला लावलं, आणि पडला की म्हणतोय जिना वाईट!"

दुकानदारांची सगळी उत्तरं त्यांनी काढून टाकली. त्याऐवजी शहरभरच्या संवेदकांनी मोजलेलं घातलं. कुठे किती गॅस जळला, पिठाची किती पोती उतरली, दारातून किती माणसं आत गेली. मग प्रतिनगर पुन्हा चालू केलं.

सुरुवातीला दिवे फडफडले. चार-दोन विझलेही. मग पगाराचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, आणि गल्लोगल्ली उजेड चढायला लागला. चपलांचं दुकान, किराणा, शिंपी, सगळ्यांना नवं गिऱ्हाईक मिळालं होतं. खात्री करायला बिराजदारांनी वेतन तिप्पट करून पाहिलं, तेव्हा मात्र गुडूप अंधार झाला. म्हणजे यंत्र नुसतं होला हो करत नव्हतं. दीडपट मात्र शहराला मानवत होतं.

"जिंकलो, मॅडम!" बिराजदारांनी टाळी दिली.

अंबिकाने टाळी घेतली, आणि तेवढ्यात तिची नजर साखर पेठेवर गेली. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर खानावळीचा दिवा विझला होता. सगळी पेठ उजळली, आणि नेमकी अव्वाची चूल थंड! तिचे डोळे भरून आले. पण उत्तर खरं होतं, आणि एकट्या आपल्या आईसाठी सगळ्या मल्लव्वांच्या ताटातलं काढून घेणं तिला जमणार नव्हतं. तिने सही केली, अहवाल पाठवला आणि थेट खानावळ गाठली.

"अव्वा, तुला सांगायलाच हवं," ती म्हणाली. "नवा कायदा येईल. आणि प्रतिनगरात तुझी खानावळ दुसऱ्या वर्षी बंद झाली."

राजव्वांनी पदराने हात पुसले. "दुसऱ्या वर्षी होय? बरोबर आहे. अन् समोरचं टॉकीज बघितलंस का त्यात?"

"टॉकीज?"

"बंद पडलंय ते. किती वर्षं डोळा ठेवून आहे मी त्याच्यावर! इथे बाक मावेनासे झाले की मी तिकडेच जाणार ना? या खुराड्यात कशाला मरू?"

अंबिका बघतच राहिली. प्रतिनगरात दिवा जागेला बांधलेला होता, मालकाला नव्हे! जागा सोडली की तो विझणारच. तिने घाईघाईने बिराजदारांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "सर, आईच्या खानावळीसमोरचं टॉकीज बघा. दुसरं वर्ष."

पलीकडे कळा खडखडल्या. मग बिराजदार ओरडलेच. "अहो, आख्ख्या पेठेत सगळ्यात मोठा दिवा तिथेच आहे! राजव्वांच्याच नावाने! आणि गंमत म्हणजे रविवारी तिथे जेवायला मल्लव्वाची छाया येते. लेकी-नातवंडांना घेऊन."

"पैसे घेते ना माझी छाया?" राजव्वांनी फोन ओढून घेत विचारलं.

"पुरेपूर घेते!"

"शाब्बास!" राजव्वांची छाती दोन बोटं पुढे आली. त्यांनी चुलीकडे वळून हाक मारली, "मल्लव्वा, ऐकलंस का गं? तू माझं गिऱ्हाईक होणार आहेस!"

मल्लव्वाचे थापणारे हात प्रथमच थांबले. तिने पिठाच्या हाताने केस मागे सारले आणि जरा विचार करून म्हणाली, "मग मला तव्यावरची गरम वाढायची, मालकीणबाई. रोजच्यासारखी शेवटची उरलेली चालणार नाही."