तिसऱ्या तळ्याच्या पिवळ्या खुणा

पाऊस असा पडत नव्हता. हवाच ओली होती. पाणचक्कीच्या तळ्याला वळसा घालून पेरीन पळत चढावर आली आणि थबकली. समोरच्या ओकच्या बुंध्याशी एक उंच माणूस कमरेत वाकून उभा होता. हातात ब्रश, पायाशी करड्या रंगाचा डबा… आणि झाडावरची, पायवाट दाखवणारी पिवळी खूण अर्धी गायब!

"अहो! काय चाललंय तुमचं?"

तो असा दचकला की ब्रश सरळ खालच्या नेच्याच्या झुडपात जाऊन पडला.

"रंगवतोय."

"रंगवताय? पुसताय तुम्ही!"

"रंगवूनच पुसतात," तो ब्रशला चिकटलेली पानं काढत म्हणाला. "आणि ज्या कुणी या खुणा केल्यात ना, त्यांनी माझ्या कमरेची पार वाट लावलीय. इतक्या खाली कोण खूण करतं?"

"माझी आई," पेरीन म्हणाली. "बुटकी होती ती."

त्याला 'होती' बरोबर ऐकू आलं. उंच माणसं ओशाळली की फार केविलवाणी दिसतात. हाही दिसला, आणि पेरीनला त्याचा अजूनच राग आला.

त्याचं नाव गास्पार. जिल्ह्याच्या पायवाटांचं काम पाहणाऱ्या कचेरीतून आलेला, गावातल्या कॅफेच्या माडीवर उतरलेला. सें-लोमेरचं हे रान विकलं गेलं होतं. नव्या मालकाला शिकार हवी होती, पळणारे लोक नको होते. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, वाटेच्या दोन्ही टोकांना फाटकं लागणार होती. त्याआधी तिन्ही तळ्यांभोवतीच्या खुणा झाकायच्या, एवढंच त्याचं काम.

"पण राहिल्या तर काय बिघडतं?" तिने विचारलं.

"खूण म्हणजे पुढे वाट आहे, असं सांगणं. वाट नसताना ते सांगायचं म्हणजे… खोटं बोलणं झालं ना?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. म्हणूनच पेरीन तिथून पळत सुटली.

सणाला सगळं गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन कबरींवर जायचं. आई गेल्यापासून पाच वर्षांत पेरीन एकदाही गेली नव्हती. त्या दगडाखाली आई आहे, हे तिला पटतच नसे. आई होती ती या खुणांत. या झाडाकडून त्या झाडाकडे बोलावत न्यायची, जशी लहानपणी न्यायची. आईचं म्हणून जगात तेवढंच उरलं होतं, आणि तेही आता हा लांबट माणूस करडं करणार होता.

दुसऱ्या दिवशी ती पळायला गेली ती त्याच्याशी भांडायलाच. तिसऱ्या दिवशी भांडणाचं निमित्त जरा शोधावं लागलं. चौथ्या दिवशी, ती काम करायची त्या बेकरीतून निघताना तिने सफरचंदाच्या सारणाची एक करंजी कागदात गुंडाळून घेतली.

"कालची उरलीये. फुकट जाईल म्हणून आणली."

"कालची?" गास्पारने ती गालाला लावून पाहिली. "गरम आहे की!"

"खायची तर खा. चौकशा कसल्या करताय?"

तसं पाहिलं तर ते काम कुणी हुशार माणूस चार दिवसांत उरकेल. गास्पारला तीन आठवडे लागले. रंग वाळत नाही म्हणे. साल ओली आहे म्हणे. एकदा तर ब्रशच विसरला. रविवारी शिकाऱ्यांच्या बंदुकांचे बार ऐकू येत, मग त्यांना दिसावं म्हणून दोघं भडक नारिंगी बंड्या घालून फिरत. तो धावायचा अगदी वाईट, हातपाय चार दिशांना. पेरीन हसायची, मग आपण हसतोय हे लक्षात येऊन गप्प व्हायची. मागे वळून पाहिलं की पानं गळालेल्या बर्चच्या रांगेत एक एक करडा डाग वाढलेला असे. आवडता माणूसच आपल्या आईला पुसत चाललाय… हे कुणाला सांगायचं, आणि कोणत्या तोंडाने?

सण आठवड्यावर आला तेव्हा तो तिसऱ्या तळ्याशी पोचला होता. त्याला विधवेचं तळं म्हणत. पाणी काळं, धुकं दुपारपर्यंत हटत नसे. त्या सकाळी गास्पार ब्रश न बुडवता नुसताच उभा होता.

"पेरीन, एक विचारू? तुमची आई कामात काटेकोर होती ना?"

"भयंकर. का?"

"पहिल्या दोन तळ्यांवर खुणा अगदी जिथल्या तिथे आहेत. वळण आलं की खूण, फाटा आला की खूण. इथं मात्र… बघा. चाळीस पावलांवर एक. मग तीस. बांधाच्या चढावर तर वीसच. ना वळण, ना फाटा. इथं चुकणार कोण? मग इतक्या कशाला केल्या असतील?"

पेरीनला आधी हसूच आलं. "मीसुद्धा हेच म्हणायचे तिला! म्हणायचे, आई, लोक काय आंधळे आहेत का गं, किती त्या…"

हसू तिथेच थांबलं.

या खुणा केल्या ते वर्ष तिला लख्ख आठवलं. ती एकोणीस वर्षांची, शर्यतीची तयारी जोरात. आई मागून डबा घेऊन पळायची. "थांब गं जरा, खूण करायची आहे." मग झाडाला एक हात टेकून, पाठ फिरवून, ती कितीतरी वेळ डब्याचं झाकणच उघडत बसायची. आणि पेरीन जागच्या जागी उड्या मारत ओरडायची, "लवकर कर ना गं आई! माझे पाय गार पडतात!"

मार्चमध्ये आई गेली. हृदय, डॉक्टर म्हणाले होते. "वर्षभर तरी त्रास होत असणार, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" असं त्यांनी विचारलं होतं.

"तिला दम लागत होता," पेरीन म्हणाली. "ती खुणा करत नव्हती, गास्पार. ती श्वास घ्यायला थांबत होती. मला कळू नये म्हणून…"

ती ओल्या नेच्यात मटकन बसली आणि हुंदके देऊन रडली. पाच वर्षांत रडली नव्हती इतकं. गास्पार कावराबावरा झाला.

"मी बोलायला नको होतं. मला माहीत नव्हतं…"

"मला तरी कुठे माहीत होतं!"

मग तो खाली टेकला. तिच्या शेजारी तसाच चिखलात बसून राहिला, आणि त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

सणाच्या आदल्या दिवशी एकच खूण उरली, बांधाच्या माथ्यावरच्या ओकवरची. समोर फाटकाचे लोखंडी खांब उभे राहिले होते.

"ही राहू द्या," गास्पार हळूच म्हणाला. "मी लिहून देईन, सगळ्या झाल्या म्हणून. कोण मोजायला येतंय?"

त्याने तिच्यासाठी खोटं बोलायची तयारी दाखवली होती. तो, जो खोट्या खुणेला एवढा भीत होता! पेरीनने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि मान हलवली.

"नको. उद्या कुणीतरी आईवर विश्वास ठेवून इथवर येईल आणि त्या फाटकावर आपटेल. तिला नसतं आवडलं." तिने हात पुढे केला. "आण इकडे ब्रश."

'आण' म्हणाली ती. दोघांच्याही ते लक्षात आलं, दोघांनीही दाखवलं नाही.

वाकावं लागलं नाही तिला, आईइतकीच उंची. पिवळं गेलं, करडं उरलं. कडा पेरीनने नीट भरल्या.

"झालं," ती म्हणाली. "आता तू जाणार."

"ते… तुझ्यावर आहे." गास्पारने पिशवीतून एक छोटा डबा काढला. पिवळा. "तीन आठवडे घेऊन फिरतोय. विचारायचा धीर होत नव्हता. रस्त्यापलीकडचं रान सरकारी आहे, तिथं कुणी फाटक लावू शकत नाही. नवी वाट मंजूर झालीय. कचेरी म्हणते, इथली माहितगार बाई हवी. कचेरीचं सोड… मला हवी आहे."

"तळं आहे तिथं?"

"एक आहे. म्हणजे… डबकंच म्हण."

"काय दिलदार माणूस!" ती रडता रडता हसली. "उद्या नाही जमायचं पण. उद्या आईकडे शेवंती घेऊन जायचंय."

"मग आज?"

रस्ता ओलांडून ते पलीकडच्या रानात शिरले. पहिली खूण पेरीनने केली, आईच्या उंचीवर. मग दोघं पळू लागले. धुकं दाट होत चाललं होतं. पन्नास पावलंही झाली नसतील, आणि तिच्या छातीतून पुन्हा हुंदका वर आला. पाय थांबले. तोंड लपवायला तिने पाठ फिरवली. पण थांबायला काही निमित्तच नव्हतं. ना वळण होतं तिथं, ना फाटा.

गास्पारही थांबला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. जवळच्या बर्चपाशी गेला, कमरेत नीट वाकला.

"थांब जरा," तो म्हणाला. "खूण करायची आहे."

आणि डब्याचं झाकण उघडायला त्याने उगीचच खूप वेळ लावला.

पेरीनने त्याच्या वाकलेल्या पाठीवर हात ठेवला.

"सावकाश कर," ती म्हणाली. "मी थांबते."