सात पोत्यांवरचा पाऊस

तेबानोची पहिली ओळख झाली ती लिजोनच्या दाभणाशी. जालुइट बेटाच्या धक्क्यावर ती खोबऱ्याची पोती शिवत होती. तिने दाभण ओढला... तो मागे उभ्या खलाशाच्या दंडात.

"अगं, मी पोतं नाही."

"मग पोत्यासारखा मध्ये कशाला उभा राहतोस?"

१९१४ च्या लढाईमुळे बेटावर जर्मनांच्या जागी जपानी आरमार बसलं होतं. तेबानोच्या इंग्रजी जहाजाला नांगर टाकू द्यायला टोकियो आणि लंडनने चार महिने पत्रं खरडली होती. परवाना तीन दिवसांचा, खोबरं भरण्यापुरता. पुन्हा येणं नाही.

दोन दिवस तो काही ना काही निमित्ताने तिच्यापाशी घुटमळला. ती खोबऱ्याचा तुकडा मोडून बघायची. कटकन मोडला तर सुका. वाकला तर ओला, असा माल जहाजात तापून पेट घेतो.

"आणि मी?" त्याने विचारलं. "मोडतो की वाकतो?"

"तुला अजून ऊन लागायचंय," ती म्हणाली, आणि कानामागचं फूल उगीचच नीट करत बसली.

तिसऱ्या दुपारी सातच पोती उरली. तेबानो एकेक पोतं मुद्दाम सावकाश उचलू लागला... लिजोन उठली आणि बादली घेऊन खाडीकडे गेली.

थोड्याच वेळात जहाजाच्या कप्तानाने त्या पोत्यांतला तुकडा वाकवून पाहिला. "ओलं आहे. हे नाही नेणार."

जपानी अधिकारी हिरामात्सु म्हणाला, "राहू दे इथेच."

"साहेब, पैसे देऊन घेतलेला माल आहे त्यांचा," लिजोन म्हणाली. "लंडनला वाटेल, तुम्ही दाबलात. पुढच्या फेरीत नेतील, असं लिहून द्या."

हिरामात्सुने निरभ्र आभाळ पाहिलं, मग तिचा भिजलेला घागरा.

"पाऊस कधी पडला?"

"आत्ताच. लहानसा होता."

"सात पोत्यांवरच?"

"बेटही लहानच आहे, साहेब."

त्याने मिशीत हसू दाबलं आणि कागद ओढला.

त्या सात पोत्यांवर दोन राजधान्यांनी पाच महिने काथ्याकूट केला. एका राजदूताने म्हणे मेजवानीत सूप थंड होऊ दिलं, पण मुद्दा सोडला नाही. अखेर परवाना आला, आणि मागोमाग जहाज.

तेबानो धक्क्यावर उतरला. लिजोनने तुकडा मोडला. कटकन.

"सुकलं," ती म्हणाली. आवाज मात्र ओला होता. "आज भरून होईल... मग जाशील."

त्याने पाठीमागे लपवलेली नवी कोरी बादली पुढे केली.

"या खेपेला मी ओततो."

"मग उभा काय राहिलास पोत्यासारखा," लिजोन म्हणाली, "खाडी तिकडे आहे."