सोमवारचा आवाज

"पाळकानं लेकरू हातात घेतलं नाही. हे मला बरं दिसत नाही, सुलेखा."

आशाबाई, म्हणजे सुलेखाची सासू, हे चर्चच्या पायरीवरच बोलली होती. त्या दिवशी सुलेखाच्या मुलीचा, श्रेयाचा, बाप्तिस्मा झाला होता. पावसाळ्याचे दिवस होते. सुलेखानं ते मनावर घेतलं नाही. उलट तिलाच राग आला होता. रेव्हरंड सर्जेराव अमोलिक पूर्वी इथल्या मंडळीचे पाळक होते, तिचं लग्न त्यांनीच लावलेलं. म्हणून तर त्यांना पिशोरहून, त्यांच्या आताच्या मंडळीतून, मुद्दाम बोलावलं. आणि त्यांनी लेकरू घ्यायचं सोडून, "तूच धर, बेटा," म्हणत नुसतं पाणी लावलं. सगळ्यांच्या लेकरांना हे कुशीत घेतात, आपल्याच लेकराचं काय वावडं, असं तिला वाटत राहिलं.

जाताना सर्जेरावसर आपली बाजाची पेटी चर्चच्या हॉलमध्ये ठेवून गेले. संडे स्कूलच्या पोरांना वाजवू द्या, म्हणाले. केवढं मोठं मन, असं सगळे म्हणाले. सुलेखाही म्हणाली.

ही सगळी गोष्ट तिला आठवली ती नाताळाच्या आधीच्या एका सोमवारी, पाळकांच्या सभेत.

सभा शहरातल्या छावणी भागात, चर्चच्या त्याच हॉलमध्ये होती. जिल्हाभरातून पाळक आले होते. दर महिन्याला पाळकांना जे पत्रक जातं, ते सुलेखा घरबसल्या तयार करायची. आधी कामकाजाचं: कुणाची बदली, कुणाची निवृत्ती, कुठल्या मंडळीचं छप्पर गळतंय. मग धीराचे चार शब्द. कामकाजाचा मजकूर कार्यालयाचे सचिव सत्यम सांगायचे. धीराचे शब्द सर्जेरावसरांचे. दर सोमवारी पहाटे ते बोलून संदेश पाठवायचे. तो सत्यमकडं यायचा, सत्यम तो पाळकांच्या ग्रुपवर टाकायचे, आणि सुलेखा ऐकून उतरवून घ्यायची.

आजही संदेश आला होता. पण सर आले नव्हते.

"निघालेत," सत्यम म्हणाले. "एसटीत असतील. पहाटेच तर बोललेत ते, ऐकलं नाही का तुम्ही?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. निदान सगळ्यांनी ग्रुपवर हात तरी जोडले होते. सरांचा फोन बंद होता. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पिशोरकडं रेंजची बोंब असतेच.

अध्यक्ष काकासाहेबांनी सभा सुरू करायला सांगितली. एका पाळकांनी सरांची पेटी पुढं ओढली आणि भजन धरलं. सुलेखा मागच्या बाकावर श्रेयाला मांडीवर घेऊन बसली होती. पेटीचा वरचा एक सूर घरघरत होता. घशात काही अडकल्यासारखा. बोट तिथं गेलं की घर्र, पुन्हा घर्र.

हा आवाज तिनं आजच ऐकला होता.

ती श्रेयाला उचलून व्हरांड्यात आली. हेडफोन लावून सकाळचा संदेश पुन्हा लावला. सुरुवातीला पेटी, भरभर चालणारी बोटं, आणि वरच्या सुरावर तीच घरघर.

तिनं तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला. पेटी पावसाळ्यापासून या हॉलमध्ये आहे. ती दिल्यावर सरांचे संदेश बिनपेटीचेच यायचे. थोडके शब्द, दमलेला आवाज. मग आज पहाटे पेटी पुन्हा ऐकू आली, तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं. सरांनी दुसरी पेटी घेतली, असं तिनं नवऱ्याला सांगितलंही होतं. पण दुसऱ्या पेटीचा तोच सूर कसा घरघरेल?

आणि बाप्तिस्म्याला जो माणूस चार महिन्यांचं लेकरू धरायला भ्याला, त्याची बोटं अशी पळतील?

पिशोरला चर्चसमोर मुनीबचं किराणा दुकान होतं. सरांचा फोन लागला नाही की निरोप तिथंच जायचे. तिनं मुनीबला फोन लावला.

"साहेब? साहेब तर तुमच्याकडंच हायेत ना, ताई?" मुनीब म्हणाला. "शनिवारी सत्यमसाहेबांचा फोन होता. बोले, साहेब मीटिंगला शहरात गेले, इतवारची उपासना नाय, लोकांना सांगा. मी सांगितलं सगळ्यांना."

"तुम्ही सरांना जाताना बघितलं?"

"नाय बा."

"त्यांच्या घराला कुलूप आहे का?"

मुनीब थांबला. मग दुकानातून उतरून रस्ता ओलांडतानाचा त्याचा श्वास ऐकू आला. श्रेया सुलेखाच्या गळ्यातली साखळी तोंडात घालत होती. तिला ती काढायचंही सुचलं नाही.

"ताई," मुनीबचा आवाज बदलला होता. "कुलूप नाय. कडी आतनं लावलेली हाय. या अल्ला, दोन दिवस मी समोरच बसलोय."

"दार तोडा, मुनीबभाई. आत्ता."

फोन हातात धरून ती हॉलमध्ये गेली. भजन संपलं होतं, सत्यम कामकाज वाचत होते. ती सरळ पुढं गेली. 

"सत्यमसर, आजचा संदेश सरांनी कधी बोलला?"

"आज पहाटे. ताई, सभा चालू आहे."

"पेटी कुणी वाजवली?"

"त्यांनीच. आणखी कोण वाजवणार?"

"कुठली पेटी?"

सत्यम हसले. आजूबाजूच्या पाळकांकडं बघत म्हणाले, "बाळंतपणापासून ताईंना जिथं तिथं संकटच दिसतं. मागं एकदा पंख्याखाली लेकरू ठेवायचं का नाही, यावर मला अर्धा तास विचारत होत्या."

दोघंतिघं हसले. काकासाहेब हसले नाहीत. "तिला बोलू द्या," ते म्हणाले.

सुलेखानं फोनवरचा संदेश मोठ्यानं लावला. पेटी वाजली. सूर घरघरला. मग तिनं मघा भजन धरलेल्या पाळकांना तोच सूर दाबायला सांगितला. हॉलमध्ये घर्र असा आवाज झाला, हुबेहूब.

"सरांची पेटी पावसाळ्यापासून इथं आहे," ती म्हणाली. "म्हणजे हा संदेश त्याच्या आधीचा, मी पत्रक करायला लागले त्याच्याही आधीचा, म्हणून शब्द ओळखू आले नाहीत. जुना. सरांनी पेटी दान केली नव्हती, त्यांना ती वाजवता येईना म्हणून दिली. माझ्या मुलीला त्यांनी हातात घेतलं नाही, कारण हातातून पडेल अशी भीती होती. त्यांचे हात गेलेत. सत्यमसर, त्यांचे सगळे संदेश आधी तुमच्याकडं येतात. जुना काढून आज कुणी टाकला?"

सत्यमनी टेबलावरचा आपला फोन उलटा ठेवला.

"इथं तुम्ही सांगितलं, सर एसटीत आहेत. पिशोरला सांगितलं, सर शहरात आहेत. दोन्हीकडची माणसं निर्धास्त. त्यांना शोधणार कोण? निघालेला माणूस दाराला कुलूप लावून जातो. त्यांच्या दाराची कडी आतून लावलेली आहे."

"सत्यम," काकासाहेब म्हणाले, "माझ्याकडं बघून सांग."

सत्यम खाली बसले. हातातले कागद सारखे केले.

"सर मला म्हणाले होते," ते म्हणाले. "हात चालत नाहीत, तोल जातो. इलाजाला शहराजवळ आणा. तीनचारदा म्हणाले. पण पिशोरची जागा रिकामी झाली की तिथं पाळक म्हणून सचिवानं जायचं, हा आपलाच नियम. पोरांची शाळा इथं, बायकोची नोकरी इथं. म्हटलं, नाताळ उरकू दे, मग तुम्हाला सांगतो. ते आज सभेत उभं राहून बोलले असते, म्हणून..."

"म्हणून काय सांगितलंस त्यांना?"

"शनिवारी फोन केला. समितीनं बदलीला नाही म्हटलंय, असं खोटंच सांगितलं, सभेला येऊ नका म्हटलं." सत्यमनी डोळे पुसले. "आणि म्हटलं, तुम्ही सगळ्या पाळकांना धीर देता, तुम्हीच असं खचून कसं चालेल? रविवारी ते तिथल्या लोकांसमोरही बोलू नयेत, म्हणून मुनीबला ते शहरात गेलेत असं सांगितलं. त्यानंतर त्यांचा फोन बंद. आज संदेश आला नाही, तर मी जुना टाकला. मला वाटलं रुसलेत. देवाशपथ, मला वाटलं रुसलेत."

सुलेखाच्या हातातला फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"मिळाले, ताई," मुनीब धापा टाकत होता. "मोरीत पडले होते. उठता येईना. साँस चालूय. घरवाली, लुबना, पाणी पाजतेय चमच्यानं. गाडी बोलावलीय."

संध्याकाळी त्यांना शहरातल्या घाटी दवाखान्यात आणलं. कंबरेचं हाड मोडलं होतं. आवाज इतका बारीक की सुलेखाला वाकून ऐकावं लागलं. शनिवारच्या फोननंतर फोन बंद करून टाकला, ते म्हणाले. कडी लावली. कुणाशी बोलण्यासारखं उरलं नव्हतं. मग रात्री पाय घसरला. हाका मारल्या, पण त्या दाराबाहेर गेल्या नाहीत.

"सोमवारचं राहून गेलं, बेटा," ते म्हणाले.

सुलेखानं श्रेयाला त्यांच्या उशाशी बसवलं. त्यांनी घाईनं हात मागं घेतला. तिनं तो धरला, श्रेयाच्या पाठीवर ठेवला, आणि खालून आपला हात लावून धरला.

रात्री श्रेया झोपल्यावर ती पत्रक लिहायला बसली. अधूनमधून उठून लेकराच्या नाकाशी बोट धरून येत होती. कामकाजाचा भाग थोडक्यात लिहिला: पिशोरची उपासना पुढच्या रविवारपासून काकासाहेब घेतील, सत्यम सचिवपदावर नाहीत, आजारपणाचा अर्ज आता कुणा एकाकडं न देता सगळ्या समितीसमोर मांडायचा.

धीराच्या शब्दांची जागा मात्र बराच वेळ कोरी राहिली. मग तिनं लिहिलं:

"आज सर्जेरावसरांचा संदेश नाही. जुना टाकणार नाही. त्याऐवजी एवढंच करा. हे वाचून ग्रुपवर हात जोडू नका, फोन खाली ठेवा. तुमच्या ओळखीत जो माणूस सगळ्यांना धीर देतो, त्याच्या घरी आज जा. निरोप पाठवू नका, स्वतः जा. दाराला कुलूप नसेल आणि दार उघडत नसेल, तर परत फिरू नका. उघडलं, तर त्याच्या हातात चहाचा कप द्या, आणि तो कप कसा धरतो ते बघा."