हिसाउराच्या सात खिडक्या

मी लाकडी ठशांची चित्रं छापतो. चित्रकार चित्र काढतो, नोरो ते चेरीच्या फळ्यांवर कोरतो आणि मी ओलसर कागदावर एकेक रंग चढवतो. तीस वर्षं आसाकुसातल्या त्याच कारखान्यात बसून हेच केलं. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता.

शहर उद्ध्वस्त करून गेलेल्या भूकंपानंतरच्या सहाव्या हिवाळ्यात हिसाउरा गावाचं चित्र आलं. बर्फ, संध्याकाळ, समुद्रापासून टेकडीवर चढत गेलेली सात घरं आणि प्रत्येक घरात एक उजेडाची खिडकी. मी हरखलोच. सर्वांत वरचं घर माझ्या लेकीचं, मित्सुएचं होतं. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका कोळ्याला दिली होती तिला.

पिवळा रंग सगळ्यांत शेवटी. त्याच्या फळीवर फक्त सात चिमुकले चौकोन उठावात कोरलेले. पहिल्या दिवशी चाळीस कागद सुरेख निघाले. दुसऱ्या दिवशी सर्वांत खालच्या खिडकीवर रंग चढेना. मी रंग पुन्हा घोटला, मनगट दुखेपर्यंत घासलं. खिडकी काळीच राहिली.

"हात थकला तुझा, गेन्शिची," नोरो हसला. "आता नातवंडं खेळव."

तिसऱ्या दिवशी फळीवर पाचच चौकोन होते. पटाशीची खूण कुठेही नव्हती.

"पाचच कोरले होते मी," नोरो म्हणाला. "चित्रात घरं किती आहेत? मोज."

मी मोजली. पाच. आदल्या दोन्ही दिवसांच्या कागदांवरसुद्धा पाचच. खालच्या दोन घरांच्या जागी बर्फाने वाकलेलं बांबूचं बेट होतं, पान न् पान कोरलेलं.

मी तसाच उठलो. आगगाडी, मग होडी. दुसऱ्या दिवशी दुपारी हिसाउराला उतरलो तर किनाऱ्याशी बांबू सळसळत होते. मित्सुए अंगणात मासे भाजत होती.

"खाली काहेई आजोबांचं घर होतं ना गं? तुझ्या लग्नात दारू पिऊन नाचले ते?"

"कोण आजोबा? बाबा, तिथे पहिल्यापासून बांबूच आहेत."

"आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल."

"आणि ह्यांना जेवायला कोण घालणार? तुम्ही?" ती हसली. "नववर्षाला येतेच आहे मी. आईला सांगा, सुके मासे आणते म्हणून."

मी तिचं मनगट धरलं. फार घट्ट धरलं असावं. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. काय सांगणार होतो मी तिला? मी हात सोडला.

परत आल्यावर ती फळी मी पेटीत घालून कुलूप लावलं. छापायचंच नाही. तीन दिवस आजाराचं निमित्त सांगून हातावर हात ठेवून बसलो.

चौथ्या दिवशी पेटी उघडली.

फळी सपाट होती. बोट फिरवलं. एकही चौकोन लागला नाही.

"कोरी फळी कशाला जपून ठेवलीस?" नोरोने विचारलं.

प्रकाशकाचे कारकून कुरिहारा कागद चाळत होते. टेकडी, बांबू, बर्फ. "काय शांत चित्र आहे!" ते म्हणाले. "माणसाचा मागमूस नाही."

मी धावत घरी गेलो. माझी बायको नाओ मुळा चिरत होती.

"मित्सुएला तार करायला हवी."

"कोण मित्सुए?"

"आपली मुलगी!"

तिने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आजारी माणसाकडे बघावं तसं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आपल्याला मूल कुठे झालं?"

मी कपाटं उपसली. एक पत्र नाही, एक किमोनो नाही. पुन्हा हिसाउराला गेलो. वरपर्यंत बांबू होते. दिवसभर हाका मारल्या आणि परत आलो.

आता मी ते नाव घरात काढत नाही. नाओला त्रास होतो.

दुपारी जेवणानंतर ती घटकाभर आडवी होते. डोळा लागला की तिचा हात शेजारच्या रिकाम्या चटईवर थोपटू लागतो. हलकेच, एका लयीत. जागी होईपर्यंत थांबत नाही.

मग उठून बसते आणि मला विचारते, "माझा हात का दुखतोय हो?"