चौकटीतला हात

खोटं वाटत असेल तर इकडे झेक देशात, झ्लीनला या आणि आमच्या ब्लाझेना मावशीला भेटा. तिच्याकडे नुसतं बघितलंत तरी पटेल.

नोव्हेंबरचा रविवार होता. भरदुपार.

मावशी बाहुल्यांच्या फिल्म करते. बाहुला केसभर हलवायचा, स्टिल कॅमेऱ्याने फोटो काढायचा, परत हलवायचा. दिवसभर राबलं की पडद्यावर चार पावलं दिसतात. शॉट चालू असताना दार उघडायचं नाही. उजेड बदलला की सगळी मेहनत पाण्यात. त्यात तिचं तळघर एवढंसं, आत गेल्यावर टेबल दाराला टेकवून जमिनीला स्क्रूने आवळावं लागतं.

म्हणजे स्वतःलाच कोंडून घ्यायचं!

त्या दिवशी ती तिच्या गुरूंचा, अलोईसकाकांचा, अर्धा राहिलेला शॉट पुरा करत होती. काका वसंतात वारले. त्यांचा लाकूडतोड्या बाहुला खुर्चीतून उठून सेटवरच्या दाराकडे निघालेला, तो तसाच थबकला होता.

मावशीने थोडे फोटो काढले आणि लॅपटॉपवर चालवून पाहिले.

फोटोच्या चौकटीत एक हात होता...

हात बाजूला घ्यायचा राहून जाणं ही या कामातली नेहमीची चूक. ती स्वतःवरच चरफडली. फोटो पुसून पुन्हा काढले. या वेळी मोकळा हात पाठीशी धरून.

हात होताच.

म्हातारा. बोटांवर वाळलेल्या गोंदाचे पापुद्रे.

तेवढ्यात दार वाजलं.

"आई, बदक गार होतंय गं!" तिची मुलगी योलाना होती. "तुझ्या त्या लाकडी नवऱ्याला सांग, जेवून येते म्हणावं!"

"आले, आले..."

"आणि आत कोण खोकतंय?"

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला खोकला ऐकूच आला नव्हता.

शॉट गेला खड्ड्यात! ती स्क्रू काढायला वळली, तर स्क्रू ड्रायव्हर जागेवर नाही. आत्ता तर इथेच ठेवला होता... तिने टेबल ओढलं. ढिम्म हललं नाही.

"योलाना! दार ढकल!"

बाहेर शांतता. परत जाणारी पावलंसुद्धा वाजली नव्हती.

खट्...

कॅमेऱ्याने आपणहून फोटो काढला.

खट्...

बाहुला एक पाऊल पुढे सरकला होता.

मावशीला रडू फुटलं. "करते हो काका, पुरा करते. पण मग मला जाऊ द्या."

तिने हात पुढे केला. मग किती वेळ गेला, तिला सांगता येत नाही. लाकूडतोड्या दाराशी पोचला, तेव्हा सगळे स्क्रू टेबलावर सुटे पडले होते.

ती धडपडत वर गेली.

"आत्ता तर तुला हाक मारून आले मी," योलाना म्हणाली. बदक अजून कोमट होतं.

दुसऱ्या दिवशी योलानाने लॅपटॉप उघडला. शॉट अप्रतिम झाला होता. इतकं देखणं काम मावशीच्या हातून कधी झालं नव्हतं.

पण फोटोंत मावशीही होती. टेबलावर ओणवी, डोळे मिटलेली. तिचा हात बाहुल्यावर...

आणि तो म्हातारा हात तिच्या मनगटावर.

मावशीने तेव्हापासून कॅमेरा धरलेला नाही. परवा मी तिला चहा दिला. कप ओठांशी नेता नेता ती थांबली आणि आपल्याच हाताकडे बघत राहिली.

"हा मीच उचलला ना गं?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?