जात्याजवळचा माइक

त्या दिवशी उजाडल्यापासून धुकं उठलंच नव्हतं. पंचगंगेवरनं आलेलं ते धुकं गल्लीबोळांत तसंच बसून होतं आणि त्यात कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड वास अडकलेला. भर दुपारी गाड्या दिवे लावून जात होत्या. मागच्या डिसेंबरातली गोष्ट आहे, पोरांनो. मार्गशीर्षातली अमावास्या, शुक्रवार. सरका जरा जवळ, मी काय मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हे.

माझ्या बहिणीचा नातू धैर्यशील. गंगावेशीच्या मागल्या अंगाला त्याची गाणी रेकॉर्ड करायची खोली आहे. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. दार लावलं की आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. भिंतीला भिंत लागून जोतीरामचा म्हशींचा गोठा. मी शाळा बघितलेला माणूस नव्हे, यंत्रातलं मला काही कळत नाही. त्यानं सांगितलं तसं सांगतो.

संध्याकाळी धैर्यशील दुधाचं भांडं घेऊन जोतीरामकडं निघाला होता, तेवढ्यात दारात गुंडू उभा राहिला. गुंडू त्याच्या ओळखीचा. वर्षामागं ह्याच गुंडूच्या बायकोच्या, आक्काताईच्या ओव्या त्यानं ह्याच खोलीत भरून घेतल्या होत्या. हातात जात्याचा खुंटा असल्याशिवाय त्या बाईला सूर गावायचा नाही. मग जोतीरामच्या गोठ्यातलं जुनं जातं चौघांनी उचलून खोलीत आणलं, काम झाल्यावर परत गोठ्यात नेऊन ठेवलं. एक माइक तिच्या तोंडाजवळ, दुसरा जात्याजवळ. बाईनं गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळलेला, गरम होत असताना सुद्धा. सगळं नीट गायली. एका ओवीत मात्र ‘भाऊ’ म्हणताना आवाज चिरफाळला, सूर पार खाली गेला. गुंडू तिथंच बसून होता. तो हसला.

त्याच रात्री आक्काताई गेली. न्हाणीत पाय घसरला म्हणून गुंडूनं सांगितलं. तिचा भाऊ आण्णा गडहिंग्लजहून पोचायच्या आत चिता पेटलेली होती. त्याला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

आता उद्या वर्षश्राद्ध होतं, आणि आण्णानं एकच हट्ट धरला होता. बहिणीचा शेवटचा आवाज भावकीसमोर लावायचा, मला तो ऐकायचाय.

गुंडू म्हणाला, आवाज लावू की, पण तेवढा चिरफाळलेला सूर नीट करून दे. आण्णा नुसत्या आवाजावरनं ओळखतो बहिणीला काय झालंय ते. धैर्यशीलला ते जरा विचित्र वाटलं. पण अशी कामं रोजचीच. कुणाचा सूर पडला की पडद्यावर त्याची रेघ दिसते, ती वर ओढायची, झालं. त्यानं दार लावून घेतलं. गुंडू मागं खुर्चीवर बसला.

रेघ ओढली. गाणं लावलं.

*दळण दळता हात भरलं पिठानं,*
*भाऊ माझा येतो गडिंग्लजच्या वाटंनं.*

‘भाऊ’ला दोन बायका गायल्या. एकीचा सूर नीट. तिच्या मागं दुसरी... चिरफाळलेली.

गुंडू ताडकन उठला. धैर्यशीलनं त्याला समजावलं की घाबरू नका, चूक माझीच हाय. मी तोंडाजवळच्या माइकातला सूर ओढला, जात्याजवळच्या माइकात तिचा जुना आवाज तसाच राहिलाय.

“बंद कर की मग तो.”

धैर्यशीलनं बंद केला. पुन्हा लावलं.

दुसरी बाई गातच होती.

धैर्यशीलनं सगळी बटणं पुन्हा तपासली. मनाशी म्हणाला, काहीतरी चुकत असणार आपलं. जात्याजवळचा माइक परत चालू केला. दोन्ही रेघा एकत्र धरल्या, आणि हळूहळू वर ओढायला लागला. आता ह्यात एक अडचण असते म्हणे. त्या माइकात नुसता आवाज नसतो. जात्याची घरघर पण असते. आवाज वर ओढला की तीही ओढली जाते.

घरघर वाढली.

जातं जोरात फिरायला लागलं. कानात फिरतंय तसं नव्हे. खोलीत.

धैर्यशीलनं यंत्र थांबवलं. पडदा थांबला.

जातं थांबलं नाही.

मागं गुंडूची खुर्ची करकरली. मग एक आवाज आला... ओला. उसाचं कांडं चरकात जातं ना, तसा.

धैर्यशील वळला.

गुंडूचे दोन्ही हात समोर लांब झालेले. पुढं काही नव्हतं. नुसती हवा. आणि त्या हवेत त्याची बोटं एकेक करून आत चालली होती. पेरं पिचत होती. नखं उलटी होत होती. गुंडू पाय झाडत होता, मागं ओढून घेत होता. मांस सोलून निघालं, पण सुटका नाही. मनगटं गेली. हाड फुटलं त्याचा आवाज गाद्यांनी गिळला.

“सोड आक्काताई... परत न्हाई दाबत गळा... सोड.”

घरघर एकसारखी चालू. आणि तिच्यावर एकच बाई गात होती. ‘भाऊ माझा येतो.’ सूर कुठंसुद्धा हलला नाही.

मग सगळं शांत...

धैर्यशीलनं कसाबसा फोन लावला, गाडी आली. दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, कुठल्या चक्कीत हात घातला म्हणून. गुंडूनं स्वतःच्या तोंडानं पोलिसांना सगळं सांगितलं, कुणी विचारायच्या आधी. आण्णा आला, खाटेच्या पायाशी उभा राहिला, ऐकून घेतलं आणि निघून गेला. गुंडू जिवंत आहे. जेलमध्ये दुसरे कैदी त्याला भरवतात.

त्याच रात्री पोलीस खोली बघायला आले तेव्हा गादीवर, फरशीवर, खुर्चीवर रक्ताचा एक थेंब नव्हता. ते धैर्यशीलकडंच संशयानं बघायला लागले.

पहाट झाली होती. धुकं तसंच. धैर्यशील उंबऱ्यावर डोकं धरून बसला होता. जोतीराम धारा काढून, दुधाची किटली हातात घेऊन आला. तो रात्री घरी झोपायला जातो, त्याला रात्रीतलं काहीच माहीत नव्हतं. नेहमीसारखा कुरकुरत म्हणाला,

“धैर्यशील, जातं ओढायचं हुतं तर हाक मारायचीस की मला. म्हशी बिथरल्यात माझ्या. आन दळलं ते भरून तरी न्यायचं... जात्याभोवती समदं तांबडं पीठ पडलंय. अजून ऊन लागतंय हाताला.”