‘व’चं पोट

जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर अक्षरं कापून स्टेन्सिल करण्यात फुलसावंगीत पायलचा हात धरणारं कोणी नव्हतं. सेवादास तिच्या दुकानात आला, तो फक्त टेम्पोवर नंबर टाकून घ्यायला. आला तो आला, वर एक बरगड्यांची फिल्म उजेडात धरून म्हणाला,

“माही छाती काढून आणली, त तिच्यावर काय कापशीन?”

“सुरक्षित अंतर ठेवा.”

पायलनं मान वर केली नाही. हसू मात्र काही केल्या लपेना...

मग त्याच्या टेम्पोवर रोज काहीतरी लिहायचं निघू लागलं. नंबर झाला, नाव झालं, हॉर्न झाला. आता टायरवर लिहायचं तेवढं राहिलं होतं. ‘व’ कापताना पोटाशी एक बारीक पट्टी सोडायची, नाहीतर मधला तुकडा गळून पडतो आणि भिंतीवर नुसता डाग उठतो, हे तिनं त्याला समजावलं. तो ऐकत कमी होता, तिच्या बोटांकडे बघत जास्त.

उन्हाळ्यात तो आला तेव्हा टेम्पो आणला नव्हता. लग्नघराच्या भिंतीवर रंगवायला दोन नावं हवी होती. सेवादास आणि जमनी.

आईला तो याडी म्हणायचा. “याडीनं तांड्यातली पोरगी ठरवली,” तो खाली बघत म्हणाला. “तुह्यं नाव काढलं, त बाहेरची नको म्हने. अन्नच सोडलं तिनं. मले... नाही म्हनता नाही आलं, पायल.”

रडायचं नाही, एवढंच पायलनं ठरवलं होतं. जमनीचं नाव कापून झालं. सेवादासचं कापताना ‘व’चा मधला तुकडा निखळून खाली पडला. शिकत होती तेव्हाही तिनं ही चूक केली नव्हती. दोघं त्या तुकड्याकडे बघत राहिले.

“दुसरं देते कापून,” ती म्हणाली. दिलंही, नीट पट्टी सोडून. बिघडलेलं त्यानं न विचारता उचललं.

लग्न उरकल्यावर पायल जुन्या फिल्म आणायला यवतमाळच्या एसटीत बसली. सेवादासच्या तांड्यापाशी गाडी हळू झाली. निळ्या भिंतीवर जमनीचं नाव स्वच्छ उठलं होतं. शेजारी सेवादास... आणि त्यातल्या ‘व’चं पोट रंगानं गच्च भरलेलं. चांगलं स्टेन्सिल घरात असताना त्यानं स्वतःचं नाव त्या बिघडलेल्यानं रंगवलं होतं.

“कोन पेंटर होता व बाई,” शेजारची बाई म्हणाली, “नावाचा पार नास केला.”

“मीच होती,” पायल म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.